मुळावरच्या गाठी आणि आतड्यातले जिवाणू
(प्रस्तावना)

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात कामरगाव आहे. या भागातला खरीप म्हणजे सोयाबीन आणि तूर. कुठे कपाशी, कुठे संत्र्याचा मळा. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोंगणी उरकते, मळणीयंत्राची धूळ बसते आणि सोयाबीनची पोती बाजार समितीच्या वाटेला लागतात. तिथून ते तेलगिरणीत जाते. दाण्यात साधारण 18 ते 20 टक्के तेल असते आणि 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिने. तेल डब्यात भरले जाते, उरलेली ढेप कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशी जाते. या हिशेबात न दिसणारा आणखी एक माल त्या दाण्यात असतो. त्याचे नाव आयसोफ्लॅव्होन. वाण आणि हवामान यांनुसार एक किलो सोयाबीनमध्ये तो साधारण एक ते तीन ग्रॅम भरतो. तेलात तो जवळजवळ उतरतच नाही, सगळा ढेपेबरोबर निघून जातो. तोच पुढे कुठल्या तरी कारखान्यात वेगळा काढला जातो, कॅप्सूलमध्ये भरला जातो आणि ‘अँटिऑक्सिडंट’ असा शिक्का घेऊन शहरातल्या औषधाच्या दुकानात येतो.

हे पुस्तक त्या शिक्क्याची तपासणी करण्यासाठी लिहिले आहे. वनस्पतींतली फ्लॅव्होनॉइड द्रव्ये पोटात गेल्यावर त्यांचे काय होते, रक्तात नेमके काय पोचते आणि जे पोचते ते खरोखर ऑक्सिडीकरण रोखते का, हे तीन प्रश्न त्यात घेतले आहेत. यांची उत्तरे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बरीचशी स्पष्ट झाली आहेत, पण जाहिरातीपर्यंत ती अजून पोचलेली नाहीत.

फ्लॅव्होनॉइड हे एकच द्रव्य नाही, ते मोठे घराणे आहे. कार्बनचे पंधरा अणू, दोन टोकांना सहा-सहा कार्बनची कडी आणि मध्ये तीन कार्बनचा दुवा, ही त्याची मूळ रचना. तिच्यावर कुठे ऑक्सिजन बसतो, कुठे शर्करा जोडली जाते, यावरून हजारो प्रकार होतात. कांद्यातले क्वेर्सेटिन, संत्र्यातले हेस्पेरिडिन, चहातली कॅटेचिने, जांभळाला आणि लाल अंबाडीच्या बोंडांना रंग देणारी अँथोसायनिने, सोयाबीनमधली जेनिस्टीन आणि डाइडझीन ही सगळी या एका घराण्यातली. फाल्गुनात पळस फुलतो, त्या फुलांचा रंग आपण धुळवडीला वापरत आलो, तोही याच घराण्याचा.

झाडे ही द्रव्ये आपल्या आरोग्यासाठी बनवत नाहीत. ज्वारीच्या पानाला बुरशी किंवा कीड लागली की तिथे तांबडे-जांभळे डाग पडतात, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. तो रंग पिकाने स्वतः तयार केलेल्या फ्लॅव्होनॉइडचा असतो आणि बुरशीला अटकाव करणे हे त्याचे काम असते. सोयाबीनची गोष्ट याहून सुरस आहे. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियमचे जिवाणू संवर्धन चोळतात. बी रुजले की त्याची मुळे मातीत आयसोफ्लॅव्होन सोडतात. ते द्रव्य ओळखून जिवाणूंची जनुके जागी होतात, ते मुळात शिरतात, गाठी धरतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळू लागतो. म्हणजे सोयाबीन आणि जिवाणू यांच्यातला व्यवहार या द्रव्यांच्या आधारे चालतो. मुळाशी जे जिवाणूंच्या संगतीने घडते, तसेच काहीसे आपल्या आतड्यातही घडते. या पुस्तकाचे मुख्य सूत्र तेच आहे.

या घराण्याच्या अभ्यासाला जुना इतिहास आहे. हेस्पेरिडिन संत्र्याच्या सालीतल्या पांढऱ्या गरापासून 1828 मध्ये वेगळे केले गेले. 1936 मध्ये हंगेरीत आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे वाटले की केशवाहिन्यांतून होणारी गळती थांबवणारे एक द्रव्य लिंबाच्या रसात आहे. त्यांनी त्याला ‘व्हिटॅमिन पी’ म्हटले. पुढच्याच वर्षी सेंट-ज्यॉर्जींना नोबेल पारितोषिक मिळाले, तरी हे जीवनसत्त्व काही टिकले नाही. ही द्रव्ये आहारातून वगळली तर स्कर्व्हीसारखा ठरावीक रोग होतो, असे कोणालाही दाखवता आले नाही. 1950 च्या सुमारास ते नाव मोडीत निघाले. फ्लॅव्होनॉइड हे जीवनसत्त्व नाही, हा निकाल आजही कायम आहे. ‘व्हिटॅमिन पी’ असे छापलेली बाटली आजही कुठे दिसली, तर ती सत्तर वर्षे मागे आहे असे समजावे.

या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी 1933 मध्ये लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात काम करताना फ्लॅव्होन तयार करण्याची एक अभिक्रिया शोधली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्सन बेकर स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. बेकर-वेंकटरामन पुनर्रचना या नावाने ती आज जगभर शिकवली जाते. वेंकटरामन पुढे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले, त्याचे संचालक झाले आणि 1957 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांचा मुख्य विषय रंगद्रव्ये. फ्लॅव्होनॉइडचा अभ्यास रंगाच्या वाटेने सुरू झाला आणि आरोग्याच्या वाटेवर तो बराच उशिरा आला.

आरोग्याच्या वाटेवर तो आणला अँटिऑक्सिडंट या कल्पनेने. आपल्या पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवतात. त्या कामात ऑक्सिजनचे काही अतिक्रियाशील रेणू निसटतात आणि चरबी, प्रथिने, जनुकद्रव्य यांना इजा करू शकतात. फ्लॅव्होनॉइडच्या कड्यांवर हायड्रॉक्सिल गट असतात. असे दोन गट शेजारी-शेजारी असले की तो रेणू हायड्रोजन सहज देऊन टाकतो आणि अतिक्रियाशील रेणू शांत होतो. परीक्षानळीत हे फार छान दिसते. त्यावरून पदार्थांना गुण देण्याची ‘ओरॅक’ नावाची चाचणी निघाली. अमेरिकेच्या कृषी खात्याने शेकडो पदार्थांच्या गुणांची यादी प्रसिद्ध केली. भुकटी विकणाऱ्यांना आयते आकडे मिळाले. अखेर 2012 मध्ये त्याच खात्याने ती यादी मागे घेतली, कारण परीक्षानळीतल्या गुणांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवता येत नव्हता आणि आकड्यांचा जाहिरातीसाठी गैरवापर होत होता.

त्याआधीच एक मोठा धक्का बसला होता. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. त्यातल्या काहींना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट रोज दिले गेले. ते फ्लॅव्होनॉइड नाही, पण कल्पना तीच होती. 1994 मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के अधिक आढळला. ऑक्सिडीकरण वाईट, म्हणून ते रोखणारे प्रत्येक द्रव्य चांगले, हे समीकरण तिथे मोडले. शरीराला त्या अतिक्रियाशील रेणूंचीही गरज असते. पांढऱ्या पेशी त्यांच्याच मदतीने जंतू मारतात.

आता मूळ प्रवासाकडे वळू. भाकरीबरोबर फोडलेल्या कांद्यातले क्वेर्सेटिन एकटे नसते, त्याला ग्लुकोज जोडलेले असते. ही जोडणी म्हणजे त्या रेणूचे बारदान समजा. बारदानासकट तो आतड्याच्या भिंतीतून सहज पार होत नाही. लहान आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर दुधातली साखर फोडणारे लॅक्टेज हे विकर असते. तेच हे बारदानही सोडवते, आणि मोकळा झालेला रेणू पेशीत शिरतो. कांद्यातले क्वेर्सेटिन म्हणून तासाभरातच रक्तात दिसू लागते. संत्र्यातल्या हेस्पेरिडिनचे बारदान वेगळे आहे. त्यात ग्लुकोजच्या पुढे ऱ्हॅम्नोज ही आणखी एक शर्करा असते आणि ती सोडवणारे विकर माणसाकडे नाहीच. हा माल न उघडता मोठ्या आतड्यापर्यंत जातो, तिथले जिवाणू तो उघडतात, आणि रक्तातली त्याची सर्वोच्च पातळी पाच ते सात तासांनी येते. नेदरलँड्समध्ये पीटर हॉलमन आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मोठे आतडे नसलेल्या स्वयंसेवकांवर मोजमाप केले. कांद्यातल्या ग्लुकोज जोडलेल्या क्वेर्सेटिनपैकी सुमारे 52 टक्के शोषले गेले आणि ऱ्हॅम्नोजही जोडलेल्या क्वेर्सेटिनपैकी, म्हणजे रुटिनपैकी, सुमारे 17 टक्केच. पदार्थात किती आहे यापेक्षा ते कोणत्या जोडणीत आहे, याला किती महत्त्व आहे ते यावरून कळते.

रेणू आत शिरला म्हणजे तो रक्तात जसाच्या तसा फिरतो, असेही नाही. शरीर त्याला परके द्रव्य समजते. आतड्याच्या पेशीतच त्याला पुन्हा नवी बारदाने चढू लागतात, यकृतात ते काम पूर्ण होते. ग्लुक्युरोनिक आम्ल, सल्फेट किंवा मिथाइल गट त्याला जोडले जातात, म्हणजे तो पाण्यात विरघळून लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर काढता येतो. ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद ज्या हायड्रॉक्सिल गटांत होती, नेमके तेच गट या कामात झाकले जातात. परीक्षानळीत ज्या रेणूने गुण मिळवले, तो रेणू रक्तात मोकळा असा जवळजवळ सापडतच नाही. जो सापडतो, तो त्याचा बांधलेला अवतार असतो आणि त्याची ताकद पुष्कळ कमी असते.

प्रमाणाचा विचार केला तर चित्र आणखी स्पष्ट होते. भरपूर कांदा किंवा फळे खाल्ल्यावरही रक्तात एखाद्या फ्लॅव्होनॉइडची पातळी लिटरला एक मायक्रोमोलच्या वर क्वचितच जाते. निरोगी माणसाच्या रक्तात क जीवनसत्त्व पन्नास मायक्रोमोलच्या घरात असते आणि यूरिक आम्ल दोनशे ते चारशेच्या घरात. ही दोन्ही शरीराची नेहमीची अँटिऑक्सिडंट. त्यांच्यासमोर एका मायक्रोमोलाने काय भर पडणार? तरीही फळे खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढलेली प्रयोगांत दिसत होती. 2006 मध्ये अमेरिकेतल्या लायनस पॉलिंग इन्स्टिट्यूटच्या लोटिटो आणि फ्राय यांनी त्याचे कारण दाखवले. फळातली फ्रुक्टोज शर्करा यकृतात गेली की यूरिक आम्ल तात्पुरते वाढते. मोजमापात दिसणारी वाढ मुख्यतः त्या यूरिक आम्लाची होती, फ्लॅव्होनॉइडची नव्हती.

मग फायदा होतो तो कशाने? फायद्याची चिन्हे खरीच आहेत. नेदरलँड्समधल्या झुट्फेन गावातल्या 805 वृद्ध पुरुषांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. चहा, कांदा आणि सफरचंद यांतून अधिक फ्लॅव्होनॉइड घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते. निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही, हे खरे. म्हणून मोठे प्रयोग झाले. अमेरिकेतल्या 21,442 लोकांवरच्या प्रयोगात रोज 500 मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल हे फ्लॅव्होनॉइड दिले गेले. 2022 च्या निकालात हृदयविकाराच्या एकूण घटना 10 टक्क्यांनी घटल्या, पण ही घट संख्याशास्त्राच्या निकषावर टिकली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र 27 टक्क्यांनी कमी झाले. या प्रयोगाला मार्स या चॉकलेट कंपनीचा आर्थिक पाठिंबा होता, हेही वाचकाला ठाऊक असावे. बाजारातल्या चॉकलेटच्या वडीत इतके फ्लॅव्हनॉल नसते, साखर मात्र भरपूर असते.

यामागची कारणे आज दोन दिशांनी शोधली जातात. एक म्हणजे संदेश. थोड्या प्रमाणातला फ्लॅव्होनॉइड पेशीला किंचित डिवचतो. त्याने एनआरएफ-टू नावाचे प्रथिन जागे होते आणि पेशी स्वतःची संरक्षक विकरे अधिक बनवू लागते. रक्तवाहिनीच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वाढून ती सैल पडते, असाही परिणाम काही फ्लॅव्हनॉलबाबत मोजला गेला आहे. अशा कामाला मोठी मात्रा लागत नाही. दुसरी दिशा मोठ्या आतड्याची. खाल्लेल्या फ्लॅव्होनॉइडचा मोठा भाग तिथेच पोचतो. जिवाणू त्याची कडी फोडतात आणि लहान-लहान फेनॉलिक आम्ले तयार करतात. ती पुन्हा रक्तात शिरतात, मूळ रेणूपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात आणि अधिक काळ. खाल्ले एक आणि रक्तात फिरले दुसरे, असा हा प्रकार आहे.

सोयाबीनचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. 1940 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात विशिष्ट क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या मोठ्या संख्येने गाभण राहीनाशा झाल्या. त्या गवतातल्या आयसोफ्लॅव्होनपासून मेंढीच्या पोटातले जिवाणू इक्वोल नावाचे द्रव्य बनवत होते आणि ते इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागत होते. इक्वोल मुळात 1932 मध्ये गाभण घोडीच्या लघवीत सापडले होते. पुढे 1980 च्या दशकात ते माणसाच्या लघवीतही आढळले, पण सगळ्यांच्या नाही. सोयाबीन खाल्ल्यावर डाइडझीनपासून इक्वोल बनवणारे जिवाणू पाश्चात्त्य देशांत सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश लोकांच्याच आतड्यात असतात, जपानसारख्या देशांत निम्म्याहून अधिक लोकांत. एकाच घरात, एकाच ताटातले सोयाबीन खाणाऱ्या दोन भावांपैकी एकाच्या रक्तात इक्वोल असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात नसेल. सोयाबीनवरच्या प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे हेही एक कारण मानले जाते.

मेंढ्यांची गोष्ट ऐकून कोणी घाबरू नये. मेंढी दिवसभर तेच गवत खात होती. माणसाच्या आहारातली मात्रा त्या मानाने फारच थोडी. सोयाबीनने पुरुषांची ताकद जाते, असे आपल्याकडे पारावर बोलले जाते. पुरुषांवर झालेल्या अभ्यासांची एकत्रित पडताळणी केली, तेव्हा टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळला नाही. कच्चे सोयाबीन मात्र खाऊ नये. त्यात प्रथिनांचे पचन अडवणारी द्रव्ये असतात, ती शिजवल्याने निकामी होतात. आयसोफ्लॅव्होन त्या उष्णतेला बऱ्यापैकी टिकते.

या सगळ्याचा वऱ्हाडातल्या ताटाशी काय संबंध, तो पुस्तकाच्या शेवटच्या भागात मांडला आहे. इथे थोडक्यात सांगतो. कांद्यातले क्वेर्सेटिन बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असते, म्हणून वाळलेल्या सालीबरोबर दोन जाड पाकळ्या काढून टाकण्याची सवय सोडावी. कांदा उकळला तर ते पाण्यात उतरते, पाणी फेकले की तेही गेले. रस्सा किंवा पिठले केले तर ते भांड्यातच राहते. संत्र्याचे हेस्पेरिडिन रसापेक्षा पांढऱ्या धाग्यांत आणि फोडीच्या पापुद्र्यात अधिक असते, म्हणून रस काढण्यापेक्षा फोड खावी. शेवग्याचा पाला, अंबाडी, जांभूळ, तुरीचे सोले हे सगळे आपल्या हंगामाचे आहे आणि त्यातली फ्लॅव्होनॉइडची जातकुळी वेगवेगळी आहे. एका द्रव्याचा ढीग खाण्यापेक्षा थोडे-थोडे अनेक प्रकार खाल्ले, तर आतड्यातल्या वेगवेगळ्या जिवाणूंना काम मिळते.

चहाबाबत मात्र सावध राहावे. चहातली कॅटेचिने आणि इतर पॉलिफेनॉल डाळी-भाज्यांतल्या लोहाला धरून ठेवतात, ते शोषले जात नाही. महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत नोंदले आहे. शेतातून येऊन जेवणाबरोबर चहा घेणाऱ्या बाईला त्या चहातल्या अँटिऑक्सिडंटपेक्षा भाजीतल्या लोहाची गरज जास्त असते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे, आणि जेवणात लिंबू पिळावे किंवा संत्रे घ्यावे. क जीवनसत्त्वामुळे लोह शोषायला मदत होते.

पुस्तकाची मांडणी साधारणपणे या प्रस्तावनेच्या क्रमाने आहे. पहिला भाग झाडाचा, दुसरा आतडे आणि यकृत यांचा, तिसरा जिवाणूंचा, चौथा प्रयोगांचा आणि शेवटचा स्वयंपाकघराचा. रसायनशास्त्र शाळेत सुटलेल्या वाचकाने दुसरा भाग सावकाश वाचावा, हरकत नाही. ज्याला फक्त काय खावे ते हवे आहे, त्याने थेट शेवटच्या भागाकडे गेले तरी चालेल. पण मग कॅप्सूल का घेऊ नये, हे त्याला इतरांच्या शब्दावर मानावे लागेल.

वाचकांना एक विनंती आहे. अन्नातले फ्लॅव्होनॉइड आणि अर्क काढून भरलेली गोळी यांना एक समजू नका. हिरव्या चहाच्या अर्काच्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी (हिरव्या चहातले मुख्य कॅटेचिन) पूरक गोळ्यांतून घेण्याबद्दल तसा इशाराही दिला आहे. ग्रेपफ्रूट आणि पपनस यांतली फ्युरॅनोकुमरिन नावाची द्रव्ये रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा परिणाम धोकादायक पातळीपर्यंत वाढवतात. घरात कोणाला अशा गोळ्या चालू असतील, तर कोणताही अर्क, भुकटी किंवा ‘नैसर्गिक’ कॅप्सूल सुरू करण्याआधी ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना दाखवा.